चंद्राईची ओटी

“ए बिऱ्हाड! उलटं घाल, उलटं!” फेरीबोटीवरचा खलाशी शिट्टी दातात धरून ओरडत होता. “पुढून घातलंस तर उतरताना बायकोपोरांसकट पाण्यात जाशील!”

आगरदांड्याच्या जेट्टीवर पाऊस असा कोसळत होता की समोरची दिघी दिसेना. मी मान बाहेर काढून, डोळ्यांत पाणी घेत गाडी मागं मागं बोटीत घातली. गाडी म्हणजे टेंपो ट्रॅव्हलर, पण आतून घरच. आमच्या पनवेलच्या शेठनं आतल्या सीटा काढून दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात संडास बसवून घेतला होता. तिला कॅम्पर म्हणायचं. उन्हाळ्यात-दिवाळीत मोठी माणसं तिच्यात बसून समुद्र बघायला जायची. पावसाळ्यात तिला कुत्रं विचारत नसे.

खलाशी काचेवर टकटक करून आत डोकावला. “किती खोल्या हायत रे?”

“दोन पलंग, एक मोरी. येतोस भाड्यानं?”

आतून म्हातारी हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि मग तो थांबेचना. तिच्या लेकीनं पाठ चोळली, गोळी दिली. बोट सुटून अर्ध्या खाडीत आली तेव्हा कुठं म्हातारीचा श्वास जागेवर आला.

म्हातारीचं नाव द्वारकाबाय. अलिबागेकडची कोळीण, सत्तरीला टेकलेली. काळजात दम उरला नव्हता, छातीत पाणी व्हायचं, पाय सुजून भोपळे झालेले. सरळ बसवत नव्हतं म्हणून पलंगाची गाडी केलेली. लेक कुंदा, बालवाडीवर शिकवायची. लग्न झालेली, शांत, पण ओठ कायम दाबलेले. दोघींनी गाडी घेतली तेव्हा एवढंच सांगितलं होतं की किनाऱ्यानं खाली खाली जायचंय आणि एक बोट शोधायचीय. बावीस वर्षांपूर्वी विकलेली.

“पावसाचं कशाला निघालात, मावशी?” मी विचारलं. “दिवाळीत निघायचं. रस्ता तरी दिसतो.”

“दिवाळीत बोटी दर्यावर असतात, येड्या,” द्वारकाबाय म्हणाली. “पावसात सगळ्या घरी. लेकी कशा माहेरी येतात तशा. बोट भेटायची तर पावसातच.” मग थोडं थांबून, “आन् दिवाळीला मी कुठं बसलेय?”

“आई,” कुंदा म्हणाली.

“आई काय? खोटं हाय?”

दिघीला उतरलो. पुढं भरडखोलला एक म्हातारा दलाल होता, त्यानं पहिल्यांदा ती बोट घेतली होती. किनाऱ्यावर बोटी ओळीनं वर ओढून ठेवलेल्या, अंगावर ताडपत्र्या, झावळ्या, खाली लाकडाचे टेकू. द्वारकाबाय काचेला नाक लावून एकेक बघत होती. दलाल छत्री घेऊन गाडीत आला, पलंगावर बसला, आधी संडासाचं दार उघडून बघितलं, मग म्हणाला, “चंद्राई ना? हर्णैला दिली मी. इकडं ती कुणी घेईना. तुम्हीच नाव घालवलेलं तिचं.”

“व्हय,” द्वारकाबाय म्हणाली. “मीच घालवलं.”

तेव्हा मला कळलं तिला काय पाहिजे ते. नवरा, हरेश्वर, त्या बोटीवरनं दर्यात पडून गेला होता. प्रेत मिळालं नाही. बोट बाकीच्या दोघांना घेऊन परत आली, तर हिनं किनाऱ्यावर उभं राहून तिला शिव्या घातल्या. नवरा खाल्लास, तुझं तोंड कुणी बघू नये, तुझ्यावर कुणाचं पोट भरू नये. सगळ्या गावादेखत. कोळी माणसाला बोट म्हणजे घरची सून, लेक. शिव्या घालून तिला घराबाहेर काढलेली. आता स्वतः निघायची वेळ आली तर हिला ते सोसवत नव्हतं. बोटीची ओटी भरायची आणि तिचा कौल घ्यायचा, माफ केलंस का म्हणून.

कौल मला नवा नव्हता. आमच्या माणगावकडंही देवीला कौल लावतात. मूर्तीवर दोन फुलं नाहीतर पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. मनात विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बोटीला कौल मात्र मी ऐकला नव्हता.

“माझी सासू लावायची,” द्वारकाबाय म्हणाली. “जाळं कुठं टाकू, तेसुद्धा बोटीला विचारायची.”

“ओटी मी भरणार नाही,” कुंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली. “आधीच सांगून ठेवते.”

“मग कोण भरंल? विधवेच्या हातची ओटी बोट घेत नाय. तू सवाष्ण हायस.”

“ज्या बोटीनं माझा बाप नेला तिला मी हळदकुंकू लावू? मी तुला न्यायला आलेय. तेवढंच.”

म्हातारीनं कूस बदलली. मी वायपर चालू केला.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीची फेरी धरली. दुपारी म्हातारीनं माझ्या मागं लागून शेगडीवर सुके बोंबील भाजायला लावले. म्हटलं, मावशी, शेठची गाडी आठ दिवस वासंल, मला हाकलून देईल. तर म्हणते, “सांग त्याला, कोळीण बसली होती. अत्तर मारलंय का विचारलं तर व्हय म्हण.” कुंदासुद्धा हसली त्या वेळी. तिघांनी मिळून तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबील खाल्ले, बाहेर पाऊस, काचा वाफेनं पांढऱ्या. घरातून निघाल्यापासून म्हातारी पहिल्यांदाच पोटभर जेवली, असं कुंदा म्हणाली.

हर्णैला कळलं की बोट तिथूनही विकली गेली, दाभोळच्या खाडीपलीकडं, खारवली म्हणून वाडी आहे तिथल्या अब्बासचाचाला.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला फेरीतून उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. म्हातारीची तब्येत उतरली होती. ओठ निळे, बोलताना दोन शब्दांत एक श्वास. फेरीवाल्यानं सांगितलं की वादळाचा बावटा लागलाय, वारा वाढला तर चारची फेरी शेवटची. खारवलीचा रस्ता म्हणजे रस्ता कसला, जांभ्याची घसरगुंडी. मी गाडी वर वडाखाली लावली आणि कुंदाला म्हटलं, “तुम्ही वाफ द्या त्यांना, मी खाली जाऊन बघून येतो.”

अब्बासचाचा घराच्या पडवीत जाळं विणत बसले होते. दाढी पांढरी, लुंगी गुडघ्यापर्यंत. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

“ती तोडली रे,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली. तळाला कीड लागली, ठोकून ठोकून किती ठोकणार? फळ्या गोठ्याला लावल्या. उरलेल्या चुलीत गेल्या.” त्यांनी हात करून गोठा दाखवला. काळ्या, रुंद फळ्या, त्यांच्यावर शेणाचे हात. एका फळीवर जुना हिरवा रंग अजून होता. “चांगली होती. तिनं कधी दगा नाही दिला मला. सांग तुझ्या मावशीला.”

मी तिथंच पायरीवर बसलो. पाऊस पागोळीतून माझ्या चपलेवर पडत होता. आता काय सांगू वर जाऊन? गोठ्याला हळदकुंकू लावा म्हणू?

चाचांच्या घरापुढं चार बोटी वर काढलेल्या होत्या. एक तशीच, जुन्या बांधणीची, नाळ उंच. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मी म्हटलं, “ती कुणाची?”

“माझ्या साडूची. का?”

“हीच चंद्राई म्हणू या का?”

चाचा माझ्याकडं बघत राहिले. “तशी बांधणी आहे खरी. पण नको रे. दर्याच्या माणसाला खोटं सांगू नये. त्यातून मरणाऱ्याला.”

“मरणाऱ्यालाच सांगायचं, चाचा. तिला बरं वाटंल. बावीस वर्षं झाली, डोळ्याला मोतीबिंदू आहे, काय कळतंय तिला? रंग तर दहादा बदलला असंल.”

“तू सांग. मी नाही म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही.”

तिच्या बऱ्यासाठी केलं, असं मी पुष्कळांना सांगितलंय. खोटं नाही ते. पण चारची फेरी चुकली तर तो खालचा रस्ता धरून चिपळूणला वळसा, रात्रभर, अशा पेशंटला घेऊन, ही धास्तीही होती. दोन्ही होतं. कुठलं जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

मी वर गेलो आणि दार उघडून म्हटलं, “मावशी, सापडली.”

तिनं हात जोडले.

तिला खुर्चीत बसवून मी आणि चाचांच्या साडूनं उचलून खाली नेलं. कुंदा वर छत्री धरून. पिशवीत नारळ, खण, तांदूळ, सुपारी, सगळं घरून आणलेलं. बोटीवर निळी ताडपत्री होती, तिच्याखाली नाळेपाशी खुर्ची ठेवली. म्हातारीनं हात लांब करून लाकडाला लावला आणि डोळे मिटले. आता म्हणंल, ही नव्हे. पण ती हात फिरवत राहिली, वरून खाली, वरून खाली.

“म्हातारी झालीस गो,” ती म्हणाली. “माझ्यासारखी.”

मग कुंदाकडं बघितलं. कुंदा जागची हलेना.

“भर पोरी.”

“नाही आई. सांगितलं होतं तुला.”

“मग ऐक तरी,” म्हातारी म्हणाली. आणि बोटीकडं तोंड करून, तिच्याशीच बोलायला लागली. “चंद्राई, तुला ठाऊक हाय, पोरीला नाय. त्या दिवशी तो जात नव्हता. ढग बघून म्हणाला, आज नको, दर्या फिरलाय. मी म्हटलं, बाकीच्यांच्या बोटी गेल्या, त्यांच्या बायका बाजारात पाट्या भरून बसतील आणि मी काय तुझं तोंड विकू? बांगड्या भर आणि घरात बस म्हटलं. चार बायांसमोर म्हटलं. तो उठला, सदरासुद्धा घातला नाय, तसाच तुझ्यात येऊन बसला. तू काय केलंस? तू तर दोघांना परत आणलंस. पण मला कुणीतरी पाहिजे होतं शिव्या द्यायला. माझं पाप मी तुझ्यावर घातलं. माझं तोंड लोकांनी बघावं म्हणून तुझं काळं केलं.”

एवढं बोलण्यात तिचा सगळा दम गेला. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. चाचा लांब पडवीत उभे होते.

कुंदानं छत्री मिटली, माझ्या हातात दिली. वाकून नाळेला हळद लावली, कुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ भरून तांदूळ घातले. बाप गेला तेव्हा ती अठरा-एकोणीसची असणार. एवढी वर्षं तिनं एका लाकडाचा राग केला होता.

“आता कौल,” म्हातारी म्हणाली.

कुंदानं चाचांच्या दारातल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून नाळेवर चिकटवल्या. एक उजवीकडं, एक डावीकडं. म्हातारीनं हात जोडले. “चुकलं माझं. पदरात घेतलंस तर उजवा दे.”

आम्ही उभे राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं. मी पाकळ्यांकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पड बाई, उजवी पड, तुझं काय जातंय. तेवढ्यात वर ताडपत्रीला बारीक भोक होतं त्यातून एक थेंब आला, लाकडावरून घरंगळला, आणि डावी पाकळी सुटून चिखलात पडली.

कुंदानं मान वर करून ताडपत्रीकडं बघितलं.

“आई, ताडपत्री गळतेय,” कुंदा घाईघाईनं म्हणाली. “थेंब पडला वरनं. मी बघितलं. पुन्हा लावते मी.”

“नको.”

“अगं, हा काय कौल झाला?”

“कौल एकदाच लावायचा असतो,” म्हातारी म्हणाली. “मनासारखा पडेस्तोवर लावायचा, तर विचारायचं कशाला?”

तिनं पुन्हा लाकडावर हात फिरवला. “बरोबर हाय तुझं,” म्हणाली, आणि मला, “चल पोरा.”

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. चाचा पडवीतून माझ्याकडं बघत होते, गोठा वीस पावलांवर होता, फळ्या तिथं होत्या. पण त्या क्षणी मला वाटलं, बोट तोडून चुलीत घातली हे सांगितलं तर ती तिथंच जाईल. मी खुर्ची उचलली.

चारची फेरी मिळाली. आमच्यामागं दोन मोटारसायकली आणि आंब्याच्या खोक्यांची रिकामी पिकअप. फेरीवाल्यानं गाड्या चढवायचा मागचा फळका वर घेतला आणि साखळीला कुलूपच घातलं. “आता उद्यापर्यंत बंद. वारा सुटला.”

गाडीत म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती. कुंदानं तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले होते आणि हळूहळू दाबत होती.

“मी काही म्हणते का तुला?” कुंदा म्हणत होती. “बघ माझ्याकडं. मी कधी काही म्हणणार नाही.”

“तू पोटची हायस. पोटचं माफ करतंच. त्याला कौल लागत नाय.”

मला राहवेना. इंजिन बंद करून मागं गेलो, पलंगापाशी गुडघ्यावर बसलो.

“मावशी, ती तुमची बोट नव्हती.”

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

“चंद्राई तीन वर्षांमागं तोडली त्यांनी. कीड लागली होती. फळ्या गोठ्याला लावल्यात, मी डोळ्यांनी बघितल्या. ही दुसऱ्याचीच बोट. मी खोटं सांगितलं तुम्हाला. तो कौल तुमच्या बोटीचा नाही, त्याला काही अर्थ नाही. चाचा म्हणाले, तिनं कधी दगा नाही दिला. चांगली होती म्हणाले.”

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. असं हसू आई रडक्या पोराकडं बघून हसते.

“तुझी आई हाय का रे?”

“गेली.”

“चांगलं वाढवलं तिनं तुला.” तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता. “पण खोटं बोलता येत नाय तुला. हात लावला तेव्हाच कळलं मला. तीच होती.”

“नव्हती, मावशी. माझ्या पोरांची शपथ.”

“पोरांची शपथ खोट्याला घालू नये!” ती एकदम रागावली, आणि त्या रागानंच तिला धाप लागली. मग शांत होऊन म्हणाली, “परकी बोट असती तर परक्या बाईवर कशाला रुसली असती? तिनं ओळखलं मला. म्हणून तर डावा दिला.”

मी म्हटलं, परत फिरू, मी दाखवतो, फळीवर हिरवा रंग आहे अजून. पण फेरीबोट मधोमध खाडीत होती, दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, आणि मागच्या फळक्याला कुलूप होतं. मी कुंदाकडं बघितलं. म्हटलं, ताई, तुम्ही तरी.

कुंदानं डोळे पुसले. “दादा, पुरे आता,” ती हळूच म्हणाली. “तिला त्रास होतोय. तुमचं मन कळलं आम्हाला.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. द्वारकाबायनं जाताना मला नारळ दिला. मी ठरवलं होतं की लगेच परत जायचं, चाचांना घेऊन यायचं, नाहीतर एक फळी तरी आणायची, तो हिरवा रंग तिच्या हाताखाली ठेवायचा. शेठनं दुसऱ्या सकाळी एका पार्टीला घेऊन महाबळेश्वरला पाठवलं. म्हटलं, आल्यावर जाऊ. तिथं तीन दिवस धुक्यात गेले. परत उतरताना घाटात फोन वाजला.

कुंदा होती. म्हणाली, पहाटे गेली आई. शांत गेली, पण शेवटपर्यंत डावा, डावा म्हणत होती.

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, ताई, मी येतो. मी फळी घेऊन येणार होतो.

“असू द्या हो, दादा,” ती म्हणाली. “आई तुमची फार आठवण काढायची. येईल त्याला सांगायची, डावा पडला म्हणून मला वाईट वाटलं, तर त्या ड्रायवरनं माझ्यासाठी पोरांची शपथ घेऊन केवढं खोटं सांगितलं. असा माणूस मिळत नाही म्हणायची.”